पाण्याचा दाब आणि घराचा समतोल

घर बांधताना दर्शनी भागाची फरशी, देवघराची दिशा, दुकानाचे शटर आणि माडीचा जिना यांवर कुटुंबात महिनोन्‌महिने चर्चा होते. पाण्याच्या नळ्यांचा विषय मात्र प्लंबरवर सोपवला जातो आणि भिंतीला गिलावा झाला की तो सर्वांच्या विस्मरणात जातो. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी कुटुंब वाढते, मजले वाढतात, कपडे धुण्याचे यंत्र आणि गिझर येतो, तेव्हा त्या गाडलेल्या नळ्या स्वतःची आठवण करून देऊ लागतात. वरच्या मजल्यावर शॉवरची धार करंगळीएवढी होते आणि खालच्या मजल्यावर नळ उघडताच पाणी अंगावर उडते. मग एखाद्या रविवारी ठरते की पंप बसवू. कोणता पंप, किती शक्तीचा आणि कोणत्या नळीवर, हे प्रश्न पंप घरी आल्यावर निघतात. खरे तर ते दुकानात पाऊल टाकण्याआधी सुटायला हवेत.

सोलापूर जिल्ह्यातील एका बाजारपेठेत असेच एक घर आहे. तळमजल्यावर कापडाचे दुकान, पहिल्या मजल्यावर धाकट्या बंधूंचा संसार आणि दुसऱ्यावर थोरल्यांचा. गच्चीवर विटांच्या कट्ट्यावर ठेवलेली थंड पाण्याची टाकी आणि तिच्या शेजारी सौर पाणीतापक, ज्याला घरात सगळे नुसते ‘सोलर’ म्हणतात. वडील हयात असताना चूल एक होती. पुढे चुली दोन झाल्या. टाकी मात्र एकच राहिली, आणि तिच्यातून खाली उतरणारी थंड पाण्याची मुख्य नळीही एकच राहिली.

ऐंशी ओलांडलेल्या आई थोरल्यांकडे राहतात. त्यांना सारे घर अक्का म्हणते. पहाटे सामायिक, मग स्नान, मग जिनमंदिर हा त्यांचा क्रम कित्येक वर्षांत मोडलेला नाही. गुडघे वाकेनासे झाल्यावर बादलीतून तांब्याने पाणी घेणे त्यांना जड जाऊ लागले, म्हणून न्हाणीघरात शॉवर, मिक्सर आणि बसायला स्टूल अशी सोय करण्यात आली. एका हिवाळ्यातील सकाळी त्या स्टुलावर बसलेल्या असताना शॉवरमधील थंड पाणी अचानक ओसरले आणि सोलरचे कढत पाणी खांद्यावर पडले. मिक्सर बंद करण्यासाठी हात पोहोचेपर्यंत खांदा भाजला होता. फोड आठवडाभरात बरे झाले, पण अक्कांच्या मनात भीती बसली.

त्यानंतर रोज सकाळी वरच्या जिन्यातून हाक जाऊ लागली, “खाली नळ सोडू नका, अक्का आंघोळीला गेल्यात.” स्वयंपाकघरात ऐन घाईच्या वेळी येणारी ही हाक खालच्या चुलीला हळूहळू खुपू लागली. धाकट्या सूनबाईंना वाटे की अक्कांच्या भाजण्याचा दोष आपल्या माथी मारला जात आहे. थोरल्या वहिनींना वाटे की पाच मिनिटे नळ बंद ठेवणे इतके का अवघड असावे? दोघींच्या बोलण्यात खोट नव्हती. तरीही सणावारी एकत्र बसणाऱ्या त्या पंगतीत शब्द कमी होत गेले. अक्कांनी हे पाहिले आणि कोणाला काही न सांगता शॉवर वापरणे सोडले. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या पुन्हा बादलीजवळ वाकू लागल्या.

थोरल्यांच्या मुलाने यावर उपाय काढला तो एक अश्वशक्तीच्या प्रेशर पंपाचा. सोबत छताला लावायचा, ताटाएवढा मोठा शॉवरही त्याने पसंत केला होता. प्लंबरचेही मत पडले की थंड पाण्याला जोर नाही, तेव्हा थंड नळीवर पंप बसवला की काम झाले. वरवर पाहता हे पटण्यासारखे होते. पण धाकटे बंधू, ज्यांना घरात अप्पा म्हणतात, यांनी एक साधी गोष्ट सुचवली. दुकानात येणारे प्रत्येक ठाण मापून घेतले जाते, तर पाणीही एकदा मापून पाहावे.

रविवारी दुपारी काका-पुतण्यांनी 10 लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन वरच्या न्हाणीघरात मोजमाप केले. घरातील इतर सर्व नळ बंद ठेवून केवळ गरम पाणी सोडले तेव्हा बादली 75 सेकंदांत भरली. केवळ थंड सोडले तेव्हा 80 सेकंद लागले. म्हणजे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होत्या. मग खालच्या स्वयंपाकघरातला नळ पूर्ण उघडून तेच पुन्हा केले. गरम पाण्याला पूर्वीइतकाच वेळ लागला. थंड पाण्याच्या बादलीला मात्र 4 मिनिटे लागली. मिनिटाला साडेसात लिटर येणारे थंड पाणी अडीच लिटरवर घसरले होते. अक्कांच्या खांद्यावर त्या सकाळी काय कोसळले, ते या आकड्यांत स्पष्ट दिसत होते.

त्यामागचे कारण समजण्यास फार शास्त्र लागत नाही. टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब हा टाकीच्या उंचीवर ठरतो. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे 1 बार, म्हणजे चौरस सेंटिमीटरवर साधारण 1 किलो. वरच्या मजल्यावरील शॉवर आणि टाकीचा तळ यांत जेमतेम 2 मीटरचे अंतर असते, म्हणून तेथे दाब 0.2 बारच्या आसपास मिळतो. एक मजला खाली तो 0.5 बारपर्यंत जातो आणि तळमजल्यावरील नळाला जवळजवळ 1 बार. एकाच नळीवर वर आणि खाली दोन्हीकडे पाणी सुटले की ते सोप्या वाटेने, म्हणजे खाली, धावते. त्यात जुनी लोखंडी नळी आतून गंजून अरुंद झालेली असेल तर वरच्यांच्या वाट्याला फारच थोडे उरते. सोलरचे गरम पाणी मात्र या घरात स्वतंत्र नळीने थेट वरच्या न्हाणीघरात येत होते. खाली कोणी कितीही नळ सोडले तरी त्याच्यावर परिणाम होत नव्हता. थंडाचा दाब चढउतार करणारा आणि गरमाचा स्थिर, असे दोन प्रवाह एका मिक्सरमध्ये भेटत होते.

आता केवळ थंड नळीवर मोठा पंप बसवला असता तर काय झाले असते? थंड पाण्याचा दाब 0.2 बारवरून एकदम 2 बारच्या पुढे गेला असता आणि गरमाचा तेथेच राहिला असता. मिक्सर उघडताच थंड पाण्याने गरमाला मागे रेटले असते. गरम नळीवर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह नसेल, तर थंड पाणी त्या नळीतून उलटे चढून सोलरच्या टाकीत जाते आणि वरच्या हवेच्या नळीतून गच्चीवर सांडते. अंघोळीला थंडगार पाणी, सोलरचे तापलेले पाणी वाया आणि पंप चालूच, असा तिहेरी तोटा होतो. शिवाय पंप त्याच सामाईक नळीवर असल्याने, वर शॉवर सुरू होताच खालच्या स्वयंपाकघरातला नळ कोरडा पडला असता. तक्रारीने फक्त मजला बदलला असता.

म्हणून त्या घराने पंपाआधी नळी बदलली. थंड पाण्याच्या टाकीला स्वतंत्र छिद्र घेऊन वरच्या न्हाणीघरासाठी 1 इंची सीपीव्हीसीची वेगळी नळी टाकण्यात आली. जुनी नळी खालच्या घराकडे आणि दुकानाकडे राहिली. पुन्हा बादली आणि घड्याळ घेऊन पाहिले तेव्हा खाली नळ उघडा असो वा बंद, वरच्या थंड पाण्यात फरक पडेनासा झाला. जिन्यातील हाक त्याच दिवशी थांबली. संध्याकाळी थोरल्या वहिनी खाली गेल्या आणि म्हणाल्या, “इतके दिवस तुम्हाला बोलत होते, दोष त्या नळीचा होता.” धाकट्या सूनबाईंनी त्यांना चहाला बसवून घेतले. कित्येक महिन्यांत असे झाले नव्हते.

समतोल साधला, पण दाब अजून कमीच होता. 0.2 बारवर शॉवरचे पाणी अंगावर नीट पसरत नाही आणि केस धुण्यास फार वेळ लागतो. तेव्हा पंपाचा विचार पुन्हा पुढे आला. मात्र आता काय हवे ते नेमके ठाऊक होते.

जेथे गरम आणि थंड दोन्ही पाणी टाकीच्या उंचीवर येते, तेथे दोन्ही नळ्यांना सारखाच जोर मिळाला पाहिजे. यासाठी एकाच मोटारीवर दोन पंखे असलेला जोडपंप मिळतो. एका बाजूने गरम आणि दुसऱ्या बाजूने थंड पाणी जाते. तो न मिळाल्यास एकाच बनावटीचे आणि एकाच क्षमतेचे दोन छोटे पंप दोन नळ्यांवर बसवता येतात. ज्या घरी सोलर नसून विजेचा गिझर आहे, तेथे काम अधिक सोपे असते. टाकीतून येणाऱ्या मुख्य थंड नळीवर, गिझरची फांदी फुटण्याआधी, एकच पंप बसवला की गिझरमधून जाणाऱ्या आणि सरळ येणाऱ्या पाण्याला सारखाच दाब मिळतो. तेव्हा गिझरच्या पाटीवर लिहिलेला कमाल दाब पंपाच्या दाबापेक्षा अधिक आहे आणि त्याचा सुरक्षा व्हॉल्व्ह चालू स्थितीत आहे, याची खात्री करून घ्यावी. हवेची नळी उघडी असलेल्या साध्या सोलरच्या टाकीत मात्र पंपाने दाब देऊ नये. तेथे पंप सोलरमधून बाहेर पडणाऱ्या गरम नळीवरच हवा, आणि त्याची जोडणी हवेच्या नळीच्या सांध्यापासून दूर, टाकीच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी हवी. नाहीतर पंप पाण्याबरोबर हवा ओढू लागतो.

पंपाच्या पाटीवरील चार गोष्टी दुकानातच वाचाव्यात. पहिली, पाण्याचे कमाल तापमान. उन्हाळ्यात सोलरचे पाणी 70 अंशांपुढे जाते, आणि थंड पाण्यासाठी बनवलेल्या पंपाची सीलबंदी तेथे टिकत नाही. दुसरी, मीटरमध्ये दिलेला हेड. वरच्या मजल्यावरील एका न्हाणीघराला 8 ते 10 मीटरचा हेड पुरतो. ‘मोठा घेतलेला बरा’ हा विचार येथे महाग पडतो, कारण जास्त दाबाने जुन्या सांध्यांना गळती लागते. तिसरी, मिनिटाला किती लिटर पाणी त्या हेडला मिळते. शून्य हेडचा मोठा आकडा ठळक छापलेला असतो. प्रत्यक्ष उपयोगाचा आकडा त्याहून लहान असतो. चौथी, पंप कशाने सुरू होतो. पाणी वाहू लागताच सुरू होणारा फ्लो स्विच वरच्या मजल्यासाठी सोयीचा, पण पंपाविना थोडी तरी धार येत असेल तरच तो जागा होतो. दाब घटल्यावर सुरू होणारा प्रेशर स्विच घरात एखादा नळ ठिबकत असेल तर रात्रभर पंपाला उठवत-बसवत राहतो. टाकी रिकामी झाल्यास पंप आपोआप बंद पडेल, अशी सोयही असावी.

त्या घरी सुमारे 120 वॉटचे, गरम पाणी सोसणारे दोन सारखे पंप आले. ते न्हाणीघरात न ठेवता गच्चीवर टाकीच्या तळापेक्षा खाली, पत्र्याच्या आडोशाला, रबरी पट्ट्यांवर बसवले गेले, म्हणजे आवाज खोलीत येत नाही आणि पंपात पाणी सदैव भरलेले राहते. दोन्हीला एक स्विच, स्वतंत्र अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. प्रत्येक पंपाला समांतर अशी एक साधी नळी एनआरव्हीसह ठेवली, म्हणजे वीज गेली तरी पाणी आपल्या उंचीने येत राहते. दिवसाला अर्धा तास चालले तरी दोन पंपांना मिळून महिन्याला 4 युनिटसुद्धा लागत नाहीत. अक्कांच्या न्हाणीघरात थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवला. थंड पाणी अकस्मात थांबले तर हा मिक्सर गरमही थांबवतो, आणि 38 अंशांपुढे जायचे असल्यास वेगळी कळ दाबावी लागते. अशा मिक्सरला ठरावीक किमान दाब लागतो. पंपाआधी तो त्या घरात नीट चालला नसता. वृद्ध आणि लहान मुले असलेल्या घरी या खर्चाला मागेपुढे पाहू नये. 60 अंशांचे पाणी काही सेकंदांतच त्वचा भाजते, आणि म्हातारपणी त्वचा अधिक पातळ व हालचाल अधिक मंद असते.

हे सारे ठरत असताना अक्कांनी एकच प्रश्न विचारला होता. “जोर वाढला की पाणीही जास्त जाणार. माझ्या सोयीसाठी रोज किती पाणी जाईल, ते मला सांगा.”

जैन घरात हा प्रश्न उगाच निघत नाही. पाण्यात जीव आहेत म्हणून ते गाळून प्यावे, हे लहानपणीच शिकवले जाते; पण आपल्या दर्शनात पाणी हे स्वतःच सजीव आहे. षट्कायांमध्ये अप्कायाची गणना आहे. गृहस्थाला त्याचा वापर पूर्णपणे टाळता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी यत्नाचार सांगितला आहे. श्वेतांबर बंधू त्यालाच जयणा म्हणतात. श्रावकाच्या चौदा नियमांत स्नानाचीही मर्यादा रोज ठरवण्याची परंपरा आहे. निष्कारण होणाऱ्या हिंसेला अनर्थदंड म्हटले आहे. गरजेपुरते पाणी आणि उगाच वाहिलेले पाणी यांतील सीमारेषा न्हाणीघरातही असते.

अक्कांना उत्तर आकड्यांत देण्यात आले. छताला लावायचा मोठा शॉवर मिनिटाला 18 लिटर पाणी घेतो. सहा मिनिटांत 108 लिटर. भारतीय मानकांनुसार शहरातील एका माणसाच्या दिवसभराच्या सर्व गरजांसाठी 135 लिटर धरतात. म्हणजे दिवसाच्या वाट्यातील चार-पंचमांश पाणी एका अंघोळीत संपले असते. हा हिशेब पुतण्यानेच वहीत मांडला आणि तो शॉवर त्यानेच यादीतून काढून टाकला. त्याऐवजी मिनिटाला 8 लिटरवर धार रोखणारा शॉवर आणला. चार मिनिटांचे स्नान 32 लिटरमध्ये होते. साबण लावताना पाणी बंद ठेवले तर ते बादलीच्या 20 लिटरच्या जवळ येते. पंपाने दाब वाढवावा आणि शॉवरच्या तोंडाने प्रवाहाला आवर घालावा, हे दोन्ही एकत्र साधता येते, कारण चांगल्या दाबाखाली थोडे पाणीही अंगभर पसरते.

लातूर-सोलापूरकडील माणसाला पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अनेक गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. अशा वेळी काही घरांत रस्त्यावरील नळजोडणीलाच थेट मोटार लावून पाणी ओढले जाते. ते नियमाने वर्ज्य आहे आणि पालिका अशा मोटारी जप्तही करतात. पण कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी, जी नळी सर्व गल्लीची आहे तिच्यातून यंत्राच्या बळावर आपला वाटा वाढवणे हे न दिलेले घेणे आहे, आणि अचौर्याणुव्रत घेतलेल्या गृहस्थाने त्याला दुसरे नाव देऊ नये. गृहनिर्माण सोसायटीतही हाच विचार हवा. सामाईक उतरत्या नळीवर एका घराने पंप लावला की त्याच नळीवरील दुसऱ्या घराचे पाणी तुटते. सोसायटीच्या संमतीने स्वतंत्र नळी घ्यावी, अथवा आपल्या घरात छोटी टाकी ठेवून तिच्यातून पंप चालवावा. न्हाणीघरातील पंपाला पाणी नेहमी आपल्या टाकीचेच असावे.

सोय केली तरी अक्का रोज शॉवर वापरत नाहीत. पर्वतिथींना त्या अजूनही बादलीतच मोजून पाणी घेतात. आता बादली स्टुलाच्या उंचीवर ठेवलेली असते आणि मिक्सरमधून कोमट पाणी तिच्यात पडते. इतर दिवशी शॉवर. खालच्या चुलीवर त्या वेळी भांडी घासली जात असतात, नळ सुरू असतो, आणि कोणी कोणाला हाक मारत नाही.

पंप बसवू इच्छिणाऱ्यांनी तीन कामे स्वतः करावीत. इतर नळ उघडे आणि बंद ठेवून गरम व थंड पाणी वेगवेगळे मोजावे आणि आकडे लिहून ठेवावेत. टाकीपासून न्हाणीघरापर्यंत कोणती नळी कोठून जाते, तिला कोठे फांद्या फुटतात, याचा साधा नकाशा कागदावर काढावा. ठिबकणारे नळ आणि फ्लशची गळती आधी दुरुस्त करून घ्यावी. हे झाल्यावर पुष्कळ घरांत असे आढळते की एक वेगळी नळी, स्वच्छ केलेले शॉवरचे तोंड किंवा जरा उंचावलेली टाकी एवढ्यानेच काम भागते आणि पंपाची गरजच उरत नाही. गरज उरलीच, तर दुकानदारापुढे तो कागद ठेवावा. पंप बसल्यावर दर वर्षी उन्हाळ्याआधी टाकी धुताना पंपाची गाळणी आणि एनआरव्ही साफ करावेत, आरसीसीबीची चाचणीची कळ दाबून पाहावी आणि नळ्यांचा तो नकाशा घराच्या खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवावा. पुढच्या पिढीला भिंत फोडून शोध घ्यावा लागणार नाही.